शेकडा, हप्ता आणि अंगठा

दसऱ्याला पुतण्याच्या मोटरसायकलसाठी शोरूममध्ये बसलो होतो. फायनान्सवाल्या पोराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. "काका, लाखाला फ्लॅट 12 टक्के. वर्षभर महिना 9,333. टेन्शनच नाही." शेजारी वहिनी होत्या. त्या बचत गटाचं पुस्तक लिहितात. गटाचा दर शेकडा 2, म्हणजे वर्षाला 24 टक्के. त्यामुळे मला 12 चा आकडा गोड लागला. वहिनींना नाही लागला. "भावजी, सहा हप्ते गेले की निम्मी मुद्दल फिटली ना? मग व्याज पुऱ्या लाखावर कशाचं?"

घरी हिशेब मांडला. गटात व्याज उरलेल्या मुद्दलीवरच लागतं. त्याच मापाने मोजलं तर शोरूमचे 12 टक्के साडेएकवीसच्या घरात जातात. 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी आधीच कापला, तर हातात 97,640 रुपये पडतात आणि दर 26 टक्क्यांवर पोचतो. स्वस्त वाटलेलं कर्ज गटापेक्षा महाग निघालं.

यात खोटं कुणीच बोललेलं नव्हतं. फक्त माप बदललं होतं. ही रीत जुनीच. पेरणीला मणभर धान्य उचलायचं आणि सुगीला दीड मण घालायचं, याला दिडी म्हणत. 'दिडी' ऐकायला केवढीशी! पण ते चार-सहा महिन्यांचं पन्नास टक्के व्याज असे. आज क्रेडिट कार्डाचं 'महिना साडेतीन टक्के' म्हणजे वर्षाचे 42, तेही चक्रवाढ न धरता. किंमत लहान दिसेल असं माप निवडणं, ही सावकारीतली निम्मी कला.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने तिला एक बांध घातला होता: दामदुप्पट. थकलेलं व्याज मुद्दलीच्या वर मागता येत नसे. पण सावकार व्याज मुद्दलीत मिळवून नवं खत लिहून घेई आणि बांध वाहून जाई. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं हिसकावली. दंगल पसरली तसा लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर राहिला. पुढे 1879 च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासायची मुभा दिली. सरकारलाही कळलं होतं, की कागदावर लिहिलेला आकडा म्हणजे कर्जाची किंमत नव्हे.

आणि किंमत म्हणजे मोल नव्हे. वहिनींच्या गटातल्या एकीने 20,000 उचलून पिठाची छोटी चक्की घेतली. शेकडा 2 तिनेही भरले. पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडलं, वर्षअखेरीस त्यातला वाटा तिला मिळाला, आणि कर्ज फिटल्यावरही चक्की दळतेच आहे. तोच दर बाहेरच्या सावकाराला गेला असता तर परत काही आलं नसतं. म्हणून मी दोन गोष्टी बघतो: कर्ज फिटेल त्या दिवशी वस्तू कामाची उरेल का, आणि व्याज कुणाच्या घरी जातं. ऋण काढून सण करू नये म्हणतात ते यासाठीच. फराळ आठवड्यात संपतो, हप्ता होळीलाही दारात उभा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जासोबत एक तक्ता द्यावा लागतो. फी वगैरे सगळं धरून पडणारा वार्षिक दर त्यात असतो, तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. सुप्याच्या शेतकऱ्याला असा कागद कुणी दिला नव्हता. वाचता न येणाऱ्या खतावर त्याचा अंगठा घेतला जाई. आम्ही तो तक्ता मागितला. पोराने तो पुतण्याच्या मोबाइलवर पाठवला. पुतण्या शिकलेला, इंजिनिअर. पडदा सरसर वर सरकवत तो तळाच्या 'मान्य'पाशी पोचलाही होता.

वहिनींनी त्याचा अंगठा धरला. "आधी वाच," म्हणाल्या, "मोठ्याने."