सोडण्यासाठी धरलेला मासा

बेलीझच्या अँबरग्रिस की बेटापाशी कित्येक ठिकाणी पाणी जेमतेम गुडघाभर. भरतीबरोबर तिथे बोनफिश चरायला येतात आणि त्यांच्या मागावर सुट्टीवर आलेले गळवाले. मासा भलता काटेरी. त्याची ख्याती चवीपेक्षा दोरी घेऊन सुसाट पळण्याची. बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तिन्ही मासे पकडले तर सोडलेच पाहिजेत, असा बेलीझचा 2009 पासूनचा कायदा आहे.

पण खायचाच नाही, तर धरायचा कशाला?

स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या इराद्याने मासे पकडायलाच बंदी आहे. पोटाचं कारण नसेल तर जिवाला त्रास कशासाठी, हा तिथला रोख. एकीकडचं पुण्य दुसरीकडे पाप! पण माशाला खरंच दुखतं का? 2003 मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत ॲसेटिक आम्ल टोचलं. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, पुन्हा खायला लागायला त्यांना जास्त वेळ लागला. ही वेदना नव्हे, नुसती प्रतिक्रिया, असं काही शास्त्रज्ञ आजही म्हणतात. गळवाल्यांना हा संशय फारच सोयीचा.

तरी स्विस युक्तिवाद बेलीझमध्ये अडखळतो. जिवंत माशांवरच तिथल्या वाटाड्यांची चूल पेटते, म्हणून उथळ किनारे आणि खारफुटी राखण्यात त्यांचा स्वार्थ आहे. मात्र दमलेला मासा फोटोसाठी हवेत धरला, की सोडल्यावर त्याचा तोल जातो. शार्क आणि बॅराकुडा त्याला सहज गाठतात. उलटा दात नसलेला गळ वापरला तर मासा पाण्यातच सोडवता येतो. फोटो तेवढा चांगला येत नाही.