घाटात थांबलेली गाडी

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब बेळगावहून पणजीला निघालो होतो. चोर्ला घाटात इंजिन तापून गाडी बंद पडली. मुले घाबरली. मी म्हणालो, "काही झाले नाही, पाच मिनिटांत निघू." दोन तास गेले. तेव्हा धाकटीने विचारले, "पप्पा, तुम्ही खोटे का बोललात?"

मी निरुत्तर झालो. संकटात आनंदी राहणे म्हणजे संकट नाकारणे काय?

मला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 आठवला. तारवात 276 माणसे होती. वादळाचा 14वा दिवस होता. तारू जाईल, हे पौलाने लपविले नव्हते. पण माणूस एकही दगावणार नाही, हेही त्याने सांगितले होते. मग त्याने सर्वांदेखत भाकर मोडून खाल्ली, आणि इतरांनाही धीर येऊन तेही जेवले.

मी मुलीला म्हणालो, "चुकलो, बाळ. गाडी कधी सुरू होईल हे मला ठाऊक नाही. पण आपण सगळे सुखरूप आहोत." पत्नीने दशम्यांचा डबा उघडला. झाडाखाली बसून आम्ही जेवलो. रडे थांबले.

प्रियजनहो, मुले आपल्या शब्दांवरून नव्हे, तर आपल्या वागण्यावरून धीर धरतात. त्यांना खरे सांगा, आणि त्यांच्याजवळ बसा.