कूटलेख

पर्युषणात रोज एक अध्याय याप्रमाणे सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय येतो. व्रतांचा. आपण बायका पूजेची थाळी सांभाळत, मांडीवरच्या लेकराला गप्प करत तो ऐकतो, आणि सत्याणुव्रताचे पाच अतिचार कानांवरून निघून जातात. त्यांतले तीन तर थेट दुकानातले आहेत. कूटलेखक्रिया, म्हणजे फसवण्यासाठी खोटा लेख करणं. न्यासापहार : ठेव ठेवणारा आकडा विसरला, त्यानं कमी मागितली, आणि आपण "हो, एवढीच होती" म्हणालो. आणि साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ताडून असूयेनं ते चारचौघांत फोडणं.

माझी पुतणी भालकीची. सध्या कलबुर्गीला (आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो) खोली घेऊन सीएच्या इंटरमीडिएटचा अभ्यास करायली आहे. दोन ग्रुप, सहा पेपर. प्रत्येक पेपरात चाळीस मार्क हवेतच, शिवाय ग्रुपची बेरीज निम्म्यावर गेली पाहिजे. सगळीकडे चाळीस पडले तरी नापास! उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायची. वर्गातल्या मैत्रिणींशी ती कन्नड बोलते, आणि अडलेलं मला मराठीत विचारते. मला हिशेबातलं काय कळतंय? मी तिला गणिताच्या महावीराचार्यांचं सांगते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्यात व्याजाची उदाहरणं आहेत. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या सेडम तालुक्यातलं मळखेड. ती म्हणते, "काकू, ते पेपरात येत नाही."

पेपरात 'ऑडिटिंग अँड एथिक्स' येतं. सीएंचा कायदा 1949 चा. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्यानं भाग पाडल्याशिवाय बाहेर सांगायची नाही, हे त्याच्या परिशिष्टात आहे. ज्या धंद्यात आपलाच मोठा हितसंबंध, त्याच्या हिशेबावर मत द्यायचं नाही, हेही आहे. हैदराबाद आपल्याला किती जवळ! तिथल्या सत्यमच्या मालकानं जानेवारी 2009 मध्ये स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून जास्त रोकड नव्हतीच. ऑडिट मात्र दरवर्षी होत होतं. हे उदाहरण तिला तोंडपाठ आहे.

पण तिचा प्रश्न वेगळा होता. "काकू, परक्याच्या वहीत खोटं दिसलं तर काय करायचं ते पुस्तकात हाय. पण पप्पा म्हणाले, दुकानात बस, एवढी एक नोंद मार, तर?"

घरातल्या दुकानाचं ऑडिट ती करणार नाही, ते ठीक. पण नोंद? तिथं ती सीए नसते, लेक असते. बाप बोलतो, मुलगी लिहिते. बापाला वाटतं मी कुठं लिहिलं, मुलीला वाटतं मी कुठं ठरवलं. दोघांचीही मनं स्वच्छ राहतात आणि वही तेवढी खोटी होते. मला वाटतं, सूत्रकारांनी लेखाला वेगळं नाव दिलं ते एवढ्यासाठीच. खोटं बोलणाऱ्याला आपला आवाज ऐकू येतो. लिहिणाऱ्याला येत नाही.

मी तिला म्हटलं, लिहू नको. पण मावशीकडं, आत्याकडं बोलूही नको. बापाला तोंडावर सांग, "पप्पा, ही नोंद माझ्या हातून नको," आणि उठ. न लिहिणं तिच्या व्रताचं आहे. गावभर सांगण्यात मात्र व्रत कमी आणि 'मी किती खरी' हा तोरा जास्त असतो. तिला हे अर्धवट वाटलं. "म्हणजे खोटं चालूच राहणार की." राहील. लेकीनं पेन खाली ठेवलं की बाप दुसरं पेन शोधतो, हेही खरं. फक्त ते शोधताना त्याला एकदा थांबावं लागतं, आणि माझा भरवसा त्या थांबण्यावर आहे. फार मोठा नाही, पण आहे.

मला अवघड वाटतं ते पुढचं. दिवाळीच्या अमावास्येला सकाळी आपण मंदिरात निर्वाणलाडू चढवतो आणि संध्याकाळी दुकानात कोऱ्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढून शुभ-लाभ लिहितो. स्वस्तिक बहुधा बाईच काढते. त्या वहीतून वाचलेल्या पैशाचं काय होतं, ते आपल्याला ठाऊक असतं. पाटल्या आपल्याच कपाटात येतात. मुलीनं नोंद नाकारली की घरात बाप चिडतो, आणि आई म्हणते, "एवढं शिकवलं ते यासाठी का?" हे वाक्य बापापेक्षा आईच्या तोंडून जास्त वेळा ऐकलंय मी.

जानेवारीत तिचा पहिला ग्रुप आहे. त्याआधी दिवाळीला ती भालकीला येईल, आणि तिची आई तिला वहीपूजनाला दुकानात घेऊन जाईल.