नितळ दिसे ते शुद्ध नव्हे

भाविकहो, समुद्रातील प्रवाळ व मत्स्य काचेच्या लहानशा पेटीत पाळणाऱ्यांस एक सत्य लवकरच उमगते : स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. मायेपोटी घातलेले जादा अन्न तळाशी कुजते, त्यातून अमोनियाचे विष उत्पन्न होते, आणि पाणी तरीही नितळच दिसते! खडकांवर वसणारे सूक्ष्म जीव त्या विषाचे प्रथम नायट्राइट व पुढे सौम्य असे नायट्रेट करतात. परंतु त्यांच्या शक्तीसही मर्यादा आहे. म्हणून अन्न मोजकेच घालावे व थोडे थोडे पाणी नियमाने बदलावे. नवे पाणीही लिटरास सुमारे ३५ ग्रॅम क्षार, अशा सागराच्याच प्रमाणाचे हवे.

अंतःकरणाची रीतही हीच. मुखावर प्रसन्नता असते, तळाशी मत्सर कुजत असतो. वर्षातून एकदा केलेल्या मोठ्या व्रताने तो मळ जात नाही. नित्याचे अल्प नामस्मरणच तो क्षाळते.

देवळाच्या तळीसही हाच न्याय. माशांना कुरमुऱ्यांच्या ओंजळी घालण्यात पुष्कळांस पुण्य वाटते. पण उरलेले अन्न कुजून पाण्यातील प्राणवायू हरण करते व त्याच माशांच्या जिवावर उठते. जेवढे पचेल तेवढेच द्यावे, हीच खरी भूतदया, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. इति शम्.