कला कलशात असताना

पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात खेळाची नोंद (सेव्ह) ठेवायला 128 केबी जागा असे, तिचे 15 कप्पे. कार्ड भरले की जुने काहीतरी पुसल्याशिवाय नवे ठेवता येत नसे. आज तेच कार्ड एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, साधी फाइल होऊन बसते. तिच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका घरात बहीण-भावाने एकाच सेव्हवरून पुढे खेळायला घेतले. तिने मोबाइलवर किल्ला जिंकला, त्याने लॅपटॉपवर वेगळ्या वाटेने जाऊन वेगळेच साथीदार जमवले. दोन्ही फाइली खऱ्या. पण दोघांच्या सामायिक ड्राइव्हवर त्या सेव्हला एकच नाव असते आणि दोघांच्या खेळाचा मेळ घालायची सोय नसते. एक ठेवायची, दुसरी घालवायची.

रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या ॲपमध्ये आणखी एक गोम आहे. खेळ स्वतः करतो ती नोंद एसआरएम फाइलीत जाते. सेव्ह स्टेट मात्र त्या क्षणाची यंत्राची अख्खी स्मृती उचलते, बहुतेकदा त्या नोंदीसकट. म्हणून मागच्या आठवड्यातली स्टेट उघडली, तर काल केलेली नोंदही पुसली जाऊ शकते. आधी फोल्डरची प्रत काढावी आणि मगच स्टेटला हात लावावा, हे उत्तम.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये हाच पेच माणसाबद्दल मांडला. हुबेहूब प्रत तयार झाली आणि मूळही उरले, तर ‘तो’ कोणता? पार्फिट म्हणतात, ‘तोच का’ याला फारसे महत्त्व नाही. स्मृती आणि स्वभावाचा धागा पुढे चालला की झाले. फाइलीपुरते हे पटते. पण ज्याच्याशी नाते जडलेले असते, त्याच्याबाबतीत ते अपुरे वाटते.

कोल्हापुरात हा प्रश्न गाभाऱ्यात उभा राहिला. अभिषेकांनी झिजलेल्या अंबाबाईच्या मूर्तीचे 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले. त्याआधी विधिपूर्वक देवीची कला, म्हणजे तिचे दैवी तत्त्व, कलशात घेतली गेली. काम चालू असताना मूर्ती दगड म्हणून तपासता आली, आणि भाविक दर्शनाला कलश व उत्सवमूर्तीपुढे आले.

देवी सर्वत्र आहे असे मानणाऱ्यालाही हा विधी लागतो, हे विशेष आहे. देवी कुठे आहे यापेक्षा आपण हात कुणापुढे जोडायचे, हे हा विधी ठरवतो. म्हणूनच काम संपल्यावर मूर्तीत पुन्हा आवाहन करावे लागते. 1715 मध्येही आक्रमणांच्या भीतीने पुजाऱ्याच्या घरी लपवलेली मूर्ती अशीच पुन्हा प्रतिष्ठापित झाली होती. ‘तीच का’ याचा निकाल मूर्तीच्या दगडावरून लागला नाही, तिला पुन्हा आपले म्हणणाऱ्या माणसांनी तो लावला. एप्रिल 2024 मध्ये पुन्हा संवर्धन झाले, तेव्हाही दर्शन उत्सवमूर्ती आणि कलशाचेच होते.