नवे इंजिन, जुने नाव

मिलिंद राजा आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आला आहे. राजा रथात बसून आला हे ऐकताच नागसेन त्याला विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नकार द्यावा लागतो, आणि ‘रथ’ ही या साऱ्या अवयवांच्या मेळाला व्यवहारासाठी दिलेली संज्ञा आहे, एवढेच अखेर त्याच्या हाती उरते. वर्गात हा भाग शिकवू लागले की विद्यार्थ्यांना तो शब्दांचा खेळ वाटतो. परंतु सांप्रत जपान व अमेरिका या देशांतील काही मोटारप्रेमी मंडळींनी हाच प्रश्न हाती पाना घेऊन उभा केला आहे.

निसान कंपनीने १९६९ च्या अखेरीस एक दोन आसनांची वेगवान मोटार पुढे आणली. जपानात तिचे नाव ‘फेअरलेडी झेड’. अमेरिकेत ती ‘डॅटसन २४०-झेड’ म्हणून गेली. कंपनीचे अमेरिकेतील प्रमुख युटाका काटायामा यांचा तिच्यामागे मोठा आग्रह होता. लांब नाकाड, मागे उतरत गेलेले छप्पर, हजार किलोंहून थोडेसे अधिक वजन, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले २.४ लिटरचे इंजिन, आणि सुमारे १५० अश्वशक्ती. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास असल्याने मध्यम मिळकतीच्या माणसालाही ती घेता आली.

आज या मोटारीचे मूळ इंजिन उतरवून तेथे दुसरे बसविण्याची हौस अनेकांना आहे. कोणी निसानच्याच १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरचे २.६ लिटरचे, दोन टर्बो जोडलेले इंजिन घेतो. त्याची कंपनीने जाहीर केलेली शक्ती २८० अश्वशक्तींची. कोणी जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ४३० अश्वशक्तींचे एलएस-३ घेतो. पहिल्या पक्षाचे लोक दुसऱ्यांना भ्रष्ट समजतात, कारण स्कायलाइनचे इंजिन निदान त्याच घराण्यातले आणि सरळ रांगेतले तरी आहे! यंत्रांनाही कुलगोत्र लावणारी ही मंडळी पाहून मौज वाटते.

येथे गोष्ट संपत नाही, सुरू होते. तिप्पट शक्ती आली की जुना गिअरबॉक्स ती सोसत नाही. तो बदलावा लागतो. मग मागच्या चाकांकडे शक्ती नेणारे दांडे आणि डिफरन्शियल. मूळच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक होते. ते अपुरे पडतात. रेडिएटर, पेट्रोलच्या नळ्या, टायर यांचीही तीच गत. या मोटारीला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचे अंगच तिचा सांगाडा होय. म्हणून ते अंग पिळवटू नये यासाठी जागोजागी लोखंड सांधावे लागते. अखेर जुने असे काय उरते, तर बाह्य आकृती. नागसेनाला याहून चांगले उदाहरण सापडले नसते.

यावर कोणी म्हणेल, जपानी मनाला यात वावगे काय वाटावे? इसे येथील देवालय ते लोक दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा उभारतात. २०१३ साली बासष्टाव्या वेळी उभारले. पण हा दाखला उलटा पडतो. तेथे लाकूड बदलते आणि बांधणीची रीत राखली जाते. येथे आकृती राखून तिच्या आतले सामर्थ्यच बदलले जाते.

याहून बळकट आक्षेप निराळा आहे. इंजिन पवित्र आहे असे निर्मात्यांनाच वाटत नव्हते. त्यांनी आरंभीच झेड-४३२ नावाची एक जात काढली व तीत शर्यतीच्या ख्यातीचे स्कायलाइनचे दोन लिटरचे इंजिन घातले. पुढे अमेरिकेत २४० ची २६० आणि २६० ची २८० झाली. तेव्हा निर्मात्याने केले ते मालकाने का करू नये? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. निर्मात्याने इंजिन बदलले तेव्हा नावही बदलले. २४० हा आकडा २.४ लिटरचा, ४३२ म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तीन कार्बोरेटर आणि दोन कॅमशाफ्ट. या मोटारींची नावेच मुळी इंजिनांची नावे आहेत.

माझा कल असा आहे. पातळ पत्र्याच्या या गाड्या गंजाला लवकर बळी पडतात. जिचे इंजिन केव्हाच नाहीसे झाले आहे, असे एखादे धूड कोणी नव्या इंजिनाने रस्त्यावर आणले तर त्यात मला दोष दिसत नाही. उलट भंगारात जाणारी वस्तू वाचली. आपल्या इंजिनासह धडधाकट चालणारी गाडी कापणे मात्र वेगळे. ‘माझा पैसा, माझी वस्तू’ हे उत्तर कायद्याला पुरते, नीतीला पुरत नाही. सदरा फाडणारा आणि दुर्मीळ पोथीची पाने फाडणारा दोघेही मालकच असतात. या आकृतीच्या मोटारी पाच लाखांहून अधिक निघाल्या, तेव्हा प्रत्येकीला पोथीचा मान देता येणार नाही. पण झेड-४३२ अवघ्या सुमारे ४२० झाल्या, आणि १९७८ नंतर या अंगाची एकही नवी निघालेली नाही. संख्या आता घटतच जाणार. ज्याला आज हवे त्याने हवे ते करावे, पण उद्याच्या मालकाला परत फिरता येईल असे करावे. कापल्याविना, केवळ बोल्टांनी बसणारे त्याच जातीचे २.८ लिटरचे इंजिन घालणारे लोक आहेत. मला ते अधिक शहाणे वाटतात, जरी त्यांच्या वाट्याला कमी टाळ्या येत असल्या तरी.

आणि जे कापतात त्यांनी निदान एक पत्रा तरी नीट वाचावा. अमेरिकेत विकलेल्या २४०-झेडच्या बॉनेटखाली एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर इंजिनाचा आकार २३९३ घन सेंटिमीटर, त्याची शक्ती, आणि त्याचा क्रमांक कोरलेला असतो. आठ सिलिंडरांचे इंजिन बसविल्यावरही बहुतेक मालक ती पट्टी पुसून, चकचकीत करून, होती तेथेच ठेवतात.