फळीची दोरी

वडसा

चि. नातीस,


होडीचा सेंटरबोर्ड, म्हणजे बुडातून खाली उतरणारी ती फळी, अर्ध्यात अडकतो, तो खाली ओढून धरणारी दोरी विरली आहे आणि सोबतची मुलं म्हणतात, वारा नसला की चालतं, असं तू लिहिलंस. चालवून घेऊ नकोस बेटा. दोरी बदलल्याशिवाय होडी खडकवासल्याच्या पाण्यात घालायचीच नाही.

ती फळी पाण्यात उभी असते म्हणून शीड भरल्यावर होडी आडवी घसरत न जाता पुढे जाते, हे तुम्हाला शिकवलंच असेल. पण होडी उलटली की तीच तुझी पायरी. तिच्यावर उभं राहून, होडीचा काठ धरून अंगाचा भार मागे टाकायचा, की होडी सरळ होते. होडी पुरती उपडी झाली आणि दोरीने दगा दिला, तर फळी आपल्याच वजनाने होडीतल्या तिच्या पेटीत परत जाते. मग त्या गुळगुळीत बुडावर धरायला काही उरत नाही.

आपल्या वैनगंगेवरच्या नावांना असली फळी नसते. उन्हाळ्यात जागोजागी रेती उघडी पडते, तिथे सपाट बूडच हवं. 23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या सहा बाया बुडाल्या. तेव्हापासून कुणी नावेबद्दल ‘चालतं’ म्हटलं की मला राहवत नाही. तुझ्या होडीला फळी आहे, तर ती धडच हवी.

आता काम. डोलकाठी उतरव आणि होडी जुन्या टायरांवर आडवी कर. फळी ज्यावर फिरते तो बोल्ट काढताना एकीने फळी धरून ठेवायची, नाहीतर ती बोटांवर येते. दोरी बहुधा कप्पीवरून वळते तिथे किंवा फळीच्या भोकाशी विरते. त्या भोकाची कड बोटाने चाचप. धार लागली तर पॉलिश पेपरने गोल कर, नाहीतर नवी दोरीही तशीच जाईल. गाठ खोबणीत पूर्ण बसली पाहिजे. जरा बाहेर राहिली की पेटीला घासते आणि फळी अडकते. तुझं दुखणं मला तिथेच दिसतं. तसं नसेल तर लाकूड पाणी पिऊन फुगलं असेल. सावलीत वाळव, घास, मग व्हार्निश लाव. नायलॉन ताणलं जातं, म्हणून पॉलिएस्टरची विणलेली दोरी घे. बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर इपॉक्सीने भरून नव्याने पाड. दोन्ही बाजूंचे रबरी वॉशर बदल, पाणी तिथूनच झिरपतं.

मिस्त्रीची वाट बघत बसू नकोस. जॅक होल्टने 1956 साली तुझी ही एंटरप्राइज जातीची होडी आखली ती लोकांना घरच्या घरी प्लायवूडची बांधता यावी म्हणूनच. नौदलात असताना आम्हीही असली कामं स्वतःच करायचो.

सगळं बसलं की कोरड्यावरच फळी बाहेर काढून दोरी अडकव आणि फळी दोन्ही हातांनी आत ढकलून बघ. हलली तर गाठ पुन्हा बांध. काठाकडे येताना मात्र दोरी सोडायची, नाहीतर फळी तळाला आपटून मोडेल. मग कुणी मोठं माणूस जवळ असताना, लाइफ जॅकेट घालून, होडी मुद्दाम उलटव आणि फळीवर उभी राहा. कसं झालं ते लगेच कळव.

तुझा
आबाजी